तारपकऱ्याचा शर्ट

बरेच दिवस इथे काही लिहिलं नव्हतं. आज लिहितोय ते भांडण झालं म्हणून.

गेल्या रविवारी आमच्या कॉम्प्लेक्सच्या वार्षिक महोत्सवाची मीटिंग होती. (बोईसरात पाच बिल्डिंगा आणि एक गेट असलं की त्याला कॉम्प्लेक्स म्हणतात, आणि मैदानात मांडव पडला की महोत्सव.) यंदा जानेवारीत जव्हार तालुक्यातल्या वाळवंड्याचे तारपावादक भिकल्या लाडक्या धिंडा यांना पद्मश्री जाहीर झाली आणि आमच्याकडे सगळ्यांना एकदम तारपा आठवला. तीस-तीस वर्षं इथे राहून ज्यांनी तारपा फक्त हॉटेलच्या भिंतीवरच्या चित्रात पाहिलाय, तेही म्हणायला लागले, की आपल्या जिल्ह्याची शान आहे, बोलावलंच पाहिजे. चांगलं आहे. मीही हात वर केला.

मग दादा म्हणाला, "बोलवूया की! पण ओरिजिनल ड्रेसमध्ये आले पाहिजेत हं. पँट-शर्टात आले तर काय मजा?"

दादा म्हणजे माझा सख्खा आत्येभाऊ आणि कमिटीचा अध्यक्ष. तो हे वाचणार हे मला माहीत आहे, वहिनी वाचून दाखवणार हेही माहीत आहे. मी त्याला जे उत्तर दिलं ते फार शहाणपणाचं नव्हतं. मी म्हटलं, "मग तू लंगोटी नेसून सूत्रसंचालन कर." तीन-चार जण हसले, दादा हसला नाही, चहा आला, विषय बदलला. घरी येईपर्यंत मला जे खरं बोलायचं होतं ते सगळं आठवलं. नेहमीचंच. तर ते इथे.

दादा, पहिली गोष्ट ही की ज्याला तू ओरिजिनल म्हणतोस ते कुठून आलं ते मला माहीत आहे. ते दादरहून आलं. निदान एकदा तरी आलं, कारण आणायला मी गेलो होतो.

२००९ सालची गोष्ट. पालघर तेव्हा जिल्हा नव्हता, ठाणे जिल्ह्यातला तालुका होता (जिल्हा झाला १ ऑगस्ट २०१४ ला). डहाणूपर्यंत लोकलही यायची नव्हती. एका मंडळाने बोईसरात मोठा सांस्कृतिक कार्यक्रम ठरवला होता. त्यात मी उत्साही कार्यकर्ता, म्हणजे पडेल ते काम करणारा. माझ्याकडे 'आदिवासी नृत्य' हा आयटम होता. मी विक्रमगडकडच्या एका पाड्यावरचा तारपा ठरवला आणि दादरच्या एका ड्रेपरीवाल्याकडून अकरा सेट भाड्याने आणले. एका सेटमध्ये काय होतं? रंगवलेली कोंबडीची पिसं चिकटवलेला पुठ्ठ्याचा मुकुट. बिबट्याच्या ठिपक्यांचं कापड. कमरेला हिरव्या सॅटिनच्या पानांची झालर. कवड्यांच्या माळा, प्लॅस्टिकच्या. ड्रेपरीवाल्याने विचारलंही नाही, की कुठले आदिवासी. त्याच्याकडे 'आदिवासी' असं लिहिलेली एकच ट्रंक होती, ती त्याने उघडली. हिंदी सिनेमातल्या झिंगालाला गाण्यांना आणि शाळांच्या गॅदरिंगला तीच ट्रंक जात असणार.

संध्याकाळी जीपमधून मंडळी उतरली. आणि सगळे कसे उतरले ते मला अजून दिसतं. पुरुष पांढऱ्या शर्टात, धुतलेल्या, काहींच्या शर्टाच्या घड्याही मोडलेल्या नव्हत्या. बायका एका रंगाच्या नव्या साड्यांत, केसात फुलं. तारपकरी बाबा सत्तरीच्या आसपासचे, त्यांचा शर्ट सगळ्यात कडक. काखेत तारपा, जुन्या चादरीत गुंडाळलेला. कुणाच्या तरी लग्नाला यावं तसे सगळे आले होते.

मी काय केलं? मी म्हटलं, "बाबा, हे नाही चालणार. हे घाला."

बाबांनी ट्रंकेत पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. वारली बोलीत अहो-जाहो फारसं नसतं, ते मला 'तू'च म्हणत होते. "हे कोणाचं?" एवढंच विचारलं. मी म्हटलं, "तुमचंच आहे." आपण किती सहज बोलून जातो.

तारपा कसा असतो ते ज्यांनी जवळून पाहिलं नसेल त्यांच्यासाठी थोडं सांगतो, कारण पुढचं त्यावर अवलंबून आहे. वाळवलेला पोकळ भोपळा, त्याला वरून फुंकायची नळी. खाली बांबूच्या दोन नळ्या, आत जिभाळ्या, एक नर एक मादी असं म्हणतात. त्यांच्या टोकाला ताडाच्या पानांचा गुंडाळत नेलेला लांब कर्णा. सांधे मेणाने बंद केलेले. सगळा मिळून माणसाच्या हाताएवढा, कधी त्याहून लांब. वाजवणारा श्वास तोडत नाही. गालात हवा साठवायची, ती दाबत राहायचं आणि त्याच वेळी नाकाने नवी घ्यायची, त्यामुळे सूर तासन्‌तास सलग चालतो. दोन्ही हातांची बोटं भोकांवर. म्हणजे वाजवताना माणसाचे दोन्ही हात, तोंड, गाल, मान, खांदे सगळं कामात असतं. शिवाय तो चालत, वाकत, वळत असतो.

आता अशा माणसाच्या डोक्यावर पुठ्ठ्याचा मुकुट ठेवा.

दुसऱ्या मिनिटाला तो घसरला. आधी कपाळावर, मग भुवयांवर, मग डोळ्यांवर. हात रिकामा नाही. बाबा थांबले नाहीत. मान मागे टाकून, मुकुटाखालून जेवढं दिसेल तेवढं पाहत वाजवत राहिले. लोक हसायला लागले. पुढच्या रांगेतली पोरं तर खदाखदा. निवेदकाने माइकवर काहीतरी पांचट विनोद केला. मी विंगेत उभा होतो, आणि खरं सांगायचं तर मलाही हसू आलं होतं.

असो. त्यावर नंतर येतो.

परवा मीटिंगमध्ये कुणीतरी म्हणालं, की वारली चित्रात बघा ना, कसे असतात. बरोबर, तिथेच घोळ आहे. चित्रातली माणसं दोन त्रिकोणांची असतात. त्रिकोणांना शर्ट घालता येत नाही. गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांच्यामुळे (त्यांना पद्मश्री २०११ साली मिळाली, २०१८ साली ते गेले) ही चित्रकला जगभर गेली, आणि मधे तारपावाला आणि भोवती हात गुंफलेल्या माणसांचं वेटोळं हे चित्र आपल्या डोक्यात इतकं पक्कं बसलं, की खरी माणसं चित्रासारखी दिसत नाहीत म्हणून आपण त्यांच्यावर रुसतो. आता तर अंगावर पांढऱ्या पोस्टर कलरने वारली चित्रं काढून नाचवतात. अहो, ती चित्रं भिंतीवरची! तांदळाच्या पिठाने, कुडाच्या भिंतीवर, लग्नाच्या वेळी. हातापायांवर कुठून आली?

त्या चित्रातलं एक मात्र कुणी बघत नाही. तारपावाला मधे आहे आणि नाचणारे त्याच्याभोवती. तारप्याकडे पाठ करायची नाही हा त्या नाचाचा नियम. तो जसा वळेल तसं वेटोळं वळतं, तो सूर बदलेल तसे पाय बदलतात. आपण काय करतो? वीस बाय पंधराचं स्टेज देतो, आणि सांगतो, की प्रेक्षकांकडे तोंड करा, फोटोत यायला पाहिजे. झालं, वेटोळ्याचा अर्धा चंद्र झाला, तारपावाला कोपऱ्यात गेला, आणि निम्म्यांची पाठ त्याच्याकडे. वर वेळ आठ मिनिटं. तारपा वाजायचा तो भात तयार झाल्यावर, नव्या दाण्याच्या आनंदात, वाघबारशीला, दिवाळीला, अंगणात, रात्र रात्र. एरवी तो टांगून ठेवलेला. आपण त्याला फेब्रुवारीत बोलावतो, मे महिन्यात बोलावतो, मंत्री येतील तेव्हा बोलावतो. ऋतू आपण बदलला, वेळ बदलली, जागा बदलली, वेटोळं मोडलं. आणि एवढं सगळं करून शेवटी ओरिजिनलचा आग्रह कशाचा धरतो? चड्डीचा!

दादा म्हणेल, की अरे पण त्यांचे आजोबा लंगोटी नेसायचे हे काय खोटं आहे का. खोटं नाही. लंगोटी, कमरेला करगोटा, डोक्याला फडकं. चिखलणी करताना, डोंगरात लाकडं तोडताना तेच सोयीचं होतं आणि त्या वेषात ती माणसं रुबाबदारही दिसत असतील. पण त्या लंगोटीच्या शेजारी आणखी काय होतं तेही बघ. गोदावरी परुळेकरांचं 'जेव्हा माणूस जागा होतो' तुमच्याच कपाटात आहे, आत्याने घेतलेलं, १९७० च्या सुमाराचं. त्यात वेठ आहे, सावकार आहेत, जंगल ठेकेदार आहेत. त्यात लग्नगडी आहे, म्हणजे लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी जन्मभर, बायकोसकट, जमीनदाराकडे राबणारा माणूस. १९४५ साली तलासरीकडे झरीला वारल्यांची सभा भरली आणि वेठ करणार नाही असं ही माणसं उठून म्हणाली, तेव्हा ते संपायला लागलं. त्या काळात अंगभर कापड ही आवडीनिवडीची गोष्ट नव्हती. नव्हतं म्हणून नव्हतं. माझ्या पणजोबांच्या फोटोतही पंचाच आहे, कोकणात सगळ्यांच्याच आहे, पण मी ऑफिसच्या फंक्शनला पंचा नेसून यावं असं मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

आणि शास्त्रीय गाण्याचं काय? जुन्या फोटोंत बघा, अब्दुल करीम खाँसाहेब फेटा बांधून बसलेले दिसतात. आज ख्याल गाणाऱ्या कुठल्या तरुण गवयाला कुणी म्हणतं का, की फेटा बांधा, नाहीतर किराणा घराण्याचा फील येत नाही? तो त्याला हवा तो कुडता घालून येतो, कुणी जीन्सवर घालतो, आपण कान देऊन ऐकतो. म्हणजे त्याचं गाणं आपण ऐकायला जातो आणि ह्यांना आपण बघायला जातो. माझं सगळं भांडण एवढ्यावरच आहे, बाकीचं फक्त राग आहे म्हणून लांबतंय.

इथे जरा अमेरिकेची गोष्ट सांगतो. (भाचा वाचत असेल तर त्याला पुन्हा एकदा थँक्स.) २०१८ च्या शरदात मी त्याच्याकडे राले शहरात होतो. तिथे तेव्हा ब्लूग्रास संगीताचा मोठा उत्सव भरायचा, भर बाजारातले रस्ते बंद करून. बँजो, फिडल, मँडोलिन, गिटार, मोठा उभा बास, आणि डोंगराळ भागातल्या लोकांची गाणी. मला त्यातलं काही कळत नव्हतं, पण पाय मात्र थांबत नव्हते. शेजारी उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्याशी गप्पा लागल्या. तो चिडलेला होता. कशावरून? तर स्टेजवरची पोरं टी-शर्टात आली होती! त्याचं म्हणणं, की ब्लूग्रास वाजवायचं तर सूट, टाय, हॅट. मला गंमत वाटली. आपल्याकडे लोकसंगीतवाले शर्टात आले म्हणून लोक चिडतात, तिकडे सुटात आले नाहीत म्हणून.

घरी येऊन वाचत बसलो तेव्हा त्या सुटाचा उलगडा झाला. नॅशव्हिलच्या रेडिओवर १९२५ साली एक खेडवळ गाण्यांचा कार्यक्रम सुरू झाला, पुढे त्याला 'ग्रँड ओल ऑप्री' नाव पडलं. तो चालवणारा जॉर्ज हे नावाचा निवेदक. त्याच्याकडे वाजवायला येणारे लोक चांगले कोट-टाय घालून यायचे, तसेच फोटोही काढायचे. त्यातला एक, हम्फ्री बेट, तर पेशाने डॉक्टर होता. पण हे साहेबांना खेडवळ गाणी खेडवळ दिसायलाही हवी होती. त्याने डॉक्टरच्या बँडचं नाव ठेवलं 'पॉसम हंटर्स', म्हणजे रानातली जनावरं मारणारे. दुसऱ्या एका बँडला 'फ्रूट जार ड्रिंकर्स', म्हणजे बरणीने हातभट्टी पिणारे. आणि पुढे फोटोंसाठी ह्या मंडळींना डंगऱ्या आणि वेड्यावाकड्या टोप्या घालून उभं केलं. थोडक्यात, दादरची ट्रंक नॅशव्हिललाही होती.

मग १९३९ साली त्याच कार्यक्रमात केंटकीचा बिल मन्रो आला. शेतकऱ्याचं पोर, मँडोलिन वाजवणारा. ज्याच्या 'ब्लू ग्रास बॉइज' ह्या बँडवरून ह्या सगळ्या संगीताला नाव पडलं तो. त्याने हे गावंढळ सोंग घ्यायचं नाकारलं. आधी घोडेस्वाराच्या तंग जोधपुरी विजारी आणि बूट, पुढे सूट, टाय, हॅट. आम्ही गावचे आहोत, पण आम्ही तुमची करमणूक करणारे गावंढळ नाही, असं त्याने तोंडाने न सांगता कपड्यांनी सांगितलं. (एक गंमत जाता जाता. डंगरी हा शब्द आपल्या मुंबईच्या डोंगरीतल्या जाड्याभरड्या कापडावरून गेलेला. म्हणजे केंटकीच्या माणसाने डोंगरी नाकारून जोधपूर घातलं!)

म्हणून रालेच्या त्या म्हाताऱ्याचा मला राग येत नाही, पण त्याच्याशी मी सहमतही नाही. मन्रोचा सूट हा मन्रोचा निर्णय होता. ऐंशी वर्षांनी तोच सूट पोरांवर सक्तीने चढवला तर त्याचीही ट्रंकच होईल.

आता दादाचे दोन मुद्दे राहिले, तेही घेतो, नाहीतर म्हणशील पळाला.

एक म्हणजे, "आपण पैसे देतो ना? लग्नातल्या बँडवाल्यांना नाही का लाल कोट असतात?" असतात. पण तो कोट बँडच्या मालकाने शिवून घेतलाय, त्याच्यावर त्याच्या बँडचं नाव आहे, आणि तो आपल्या लग्नात जो कोट घालतो तोच समोरच्याच्या लग्नात घालतो. नवऱ्यामुलाचा काका येऊन त्याला माकडटोपी घाल असं सांगत नाही. आणि पैशाचं म्हणशील तर २००९ चा हिशेब माझ्या जुन्या डायरीत आहे. ड्रेपरीचं भाडं एका सेटला दोनशे रुपये. कलाकारांना मानधन माणशी दीडशे. पुठ्ठ्याचा मुकुट माणसापेक्षा पन्नास रुपयांनी महाग होता.

दुसरा मुद्दा जरा खरा आहे. ९ ऑगस्टला, आदिवासी दिनाला, बोईसरात आणि पालघरात मोठ्या मिरवणुका निघतात, त्यात कॉलेजची पोरं स्वतःहून उघड्या अंगाने, डोक्याला पिसं बांधून, तोंडाला रंग लावून नाचतात. "मग त्यांना चालतं आणि आम्ही सांगितलं की वाईट?" हो दादा, तसंच आहे. त्या पोरांना मी काही सांगणार नाही. त्यातलं बरंचसं मला पुन्हा ट्रंकेतलंच वाटतं, दुसऱ्याच राज्यातल्या कुणाचं तरी पाहून घेतलेलं, पण तो दिवस त्यांचा, रस्ता त्यांचा, आणि घरी गेल्यावर ते काढून ठेवणारेही तेच. त्यांना हसायचं की मिरवायचं ते त्यांचं ते बघतील. तसंच जव्हार-मोखाड्याच्या बोहाड्याचं. तिथे देवादिकांचे मोठाले मुखवटे चढवून रात्रभर सोंगं नाचतात. तो वेष त्या विधीचाच आहे, आणि कुठलं सोंग कुणी घ्यायचं हे गाव ठरवतं. वेषालाच माझा विरोध आहे असं कुणी समजू नये.

मग त्यांनी घालायचं काय? मला विचारशील (कुणी विचारलेलं नाही, पण ब्लॉग माझा आहे) तर जे घालून ते त्यांच्या मेहुण्याच्या लग्नाला जातील ते. तारपकऱ्याचा गळा आणि खांदे मोकळे हवेत, हे त्याला माझ्यापेक्षा जास्त कळतं. बायकांना पाय टाकायला साडी किती वर नेसायची हे त्यांच्या आयांनी शिकवलंय. सगळ्यांनी एका रंगाचं घालायचं का, हे पथकाने ठरवावं. म्हाताऱ्याला लंगोटी आणि बंडीच बरी वाटत असेल तर उत्तम, तो तेच घालून येईल आणि ते छानच दिसेल, कारण ते त्याचं असेल. पोराला जीन्स घालायची असेल तर जीन्स. आपण फक्त एवढं बघायचं, की आले की बसायला खुर्च्या आहेत, बायकांना कपडे सारखे करायला बंद खोली आहे, आणि चहा आधी त्यांना मिळतो.

आता त्या २००९ च्या बाबांचं.

दोन वर्षांपूर्वी आमच्या कंपनीच्या गेटवर एक मुलगा थांबला. तारापूर एमआयडीसीत हजारो येतात-जातात तसाच एक, कंत्राटी, निळा युनिफॉर्म, गळ्यात आयकार्ड, पायात सेफ्टी शूज. म्हणाला, "साहेब, तुम्ही आमच्या पाड्यावर आलेले, तारपा ठरवायला. मी लहान होतो." बाबांचा नातू. स्वतः तारपा वाजवतो, शिकला आजोबांकडूनच. शिफ्ट सुटल्यावर आम्ही नाक्यावर चहा प्यायलो.

बाबा कोविडच्या आधीच गेले होते. मी म्हटलं, अरेरे, आणि काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "त्यांचा फोटो आहे ना आमच्या कार्यक्रमातला? आम्ही फ्रेम करून पाठवला होता." पाठवला होता खरंच, मीच पाठवला होता, मोठ्या अभिमानाने.

तो म्हणाला, आहे. पेटीत आहे. बाबांचा तारपा घेतलेला तेवढा एकच फोटो. ते गेले तेव्हा भिंतीवर लावायला फोटो हवा होता, तर हा बाहेर काढला. पण त्यात पिसांचा मुकुट, ठिपक्यांचं कापड. आजी म्हणाली, हा नको लावू, लोक परत हसतील. मग आधारकार्डावरचा मोठा करून आणला. तो लावलाय. त्यात तारपा नाही.

आणि मग त्याने सहज, चहाचा कप खाली ठेवता ठेवता सांगितलं, की बाबांनी त्या दिवसासाठी मनोरच्या बाजारातून शर्ट घेतला होता. नवीन. बोईसरला सगळ्यांसमोर वाजवायचंय म्हणून.

मी काही बोललो नाही. तो शिफ्टविषयी बोलायला लागला, ओव्हरटाइम मिळत नाही वगैरे. बसचे पैसे मी देत होतो तर त्याने घेतले नाहीत.

म्हणून दादा, त्या दिवशी मी तुझ्यावर जे बोललो ते तुझ्यावर नव्हतं. (लंगोटीचं वाक्य मागे घेतो. वहिनींना सांग.) पण बाकीचं मागे घेत नाही. यंदा ह्याच मुलाचं पथक बोलवायचं असं मी सुचवतो. त्याला काल फोन केला होता. तारीख विचारली, किती जण आणू विचारलं, आणि मग जरा थांबून म्हणाला, "साहेब, ड्रेस तुमचा की आमचा?" म्हणजे सतरा वर्षं झाली तरी हा प्रश्न अजून विचारावाच लागतो. मी कमिटीला न विचारताच 'तुमचा' म्हणून सांगून टाकलंय, आता तुम्ही काय ते बघा.

बजेटच्या कागदावर 'ड्रेपरी' अशी ओळ आहे ती काढून टाक. त्या पैशांत दोन गोष्टी होतील. एक, मानधनात भर घाल. दुसरी, साउंडवाल्याला सांगून एक बिनवायरचा छोटा माइक घ्यायचा, जो कर्ण्याच्या तोंडाशी बांधता येतो. म्हणजे तारपावाल्याला स्टँडसमोर खिळून उभं राहावं लागणार नाही, तो मधे फिरू शकेल. आणि स्टेज नकोच, मैदानातच खाली गोल जागा सोडू, खुर्च्या चारी बाजूंनी मांडू. पाठ कुणाची कुणाकडे होईल ती होऊ दे, तारप्याकडे नको. फोटोग्राफर कुरकुर करेल, त्याच्याशी मी बोलतो. त्याला आणखी एक काम सांगायचंय. कार्यक्रमाच्या आधी, उजेड असतानाच, त्या मुलाचा तारप्यासकट एक नीट फोटो काढायचा, तो जो काही घालून येईल त्यात.